पीडीपी-११/२३ बूट होत नाही? मग डिस्कला शेवटी हात लावा

टर्मिनलवर बूटची कमांड द्यायची, काही झालं नाही की पुन्हा तीच द्यायची, पाचव्या वेळेला आरएल०२ डिस्क ड्राइव्हचं झाकण उघडायचं आणि हेडजवळ बोट घालायचं. डेक कंपनीचा पीडीपी-११ हा जुना मिनिकॉम्प्युटर घरी आणलेल्या दहातल्या आठ जणांचा क्रम हाच असतो. तो उलटा आहे. डिस्क ही बूटच्या साखळीतली जवळजवळ शेवटची कडी आहे आणि सगळ्यात नाजूकही. तिच्या आधी वीज, सीपीयू, कन्सोल, मेमरी, बूट रॉम, कंट्रोलर आणि बसवरची ग्रँटची, म्हणजे परवानगीच्या संकेताची, ओळ येते. या प्रत्येकाची परीक्षा डिस्क न फिरवता घेता येते, आणि या मशीनमध्ये त्यासाठी लागणारं हत्यार सीपीयूच्या मायक्रोकोडमध्येच, म्हणजे चिपमधल्या कायमच्या आतल्या सूचनांमध्ये, बसवलेलं आहे.

हा लेख क्यू-बसवरच्या (कार्डांना जोडणाऱ्या डेकच्या सामायिक ओळींवरच्या) पीडीपी-११/२३साठी आहे. गृहीत धरलेली जोडणी अशी: केडीएफ११-ए सीपीयू (कार्ड एम८१८६), बीए११-एन पेटी, तिच्यात एच९२७३ बॅकप्लेन (कार्डं खोचायच्या खाचांचा बोर्ड), डीएलव्ही११-जे सीरियल कार्ड, बीडीव्ही११ बूट-टर्मिनेटर, आरएलव्ही११ किंवा आरएलव्ही१२ कंट्रोलर आणि आरएल०२ ड्राइव्ह. टर्मिनलवर टाइप करायचे आणि दिसणारे आकडे ऑक्टल आहेत, म्हणजे त्यांत ८ आणि ९ हे अंक कुठेच येणार नाहीत. कमांडमधली अक्षरं मी उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच मोठी रोमन अक्षरं टाइप करायची. कॅप्स लॉक आत्ताच दाबून ठेवा.

## टप्पा १: वीज लावण्याआधी

आधी फोटो. प्रत्येक कार्ड कुठल्या खाचेत होतं, केबलची लाल कड कुठल्या बाजूला होती, प्रत्येक जंपर आणि डिप स्विच कसा होता, हे सगळं काहीही हलवण्यापूर्वी टिपून ठेवा. वायर-रॅपचा एक जंपर चुकून निघाला आणि तो कुठला होता ते आठवत नसेल, तर पुढचा आठवडा त्यातच जातो.

मग व्होल्टेज. अमेरिकेतून आलेलं मशीन ११५ व्होल्टला बांधलेलं असू शकतं. मागची पाटी वाचून समाधान मानू नका. आतली जोडणी उघडून बघा, कारण मधल्या मालकाने ती बदलून पाटी तशीच ठेवलेली असते किंवा याच्या उलट. सीपीयूची पेटी आणि डिस्क ड्राइव्ह या दोन्हींची निवड वेगवेगळी असते. एक तपासून दुसरं तसंच २३० व्होल्टला लावणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

पेटीत टॉर्च मारा. कोकणात किंवा मुंबईत दोन-चार पावसाळे गोदामात काढलेल्या मशीनमध्ये कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर असतो, चिपच्या पायांना हिरवा गंज असतो आणि पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी असतात. पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. खोडरबर वापरू नका. त्याने सोन्याचा पातळ मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. सॉकेटमधल्या मोठ्या चाळीस पायांच्या चिप हलकेच अर्धा मिलिमीटर वर उचलून पुन्हा दाबल्या तरी बरेच मुके सीपीयू बोलायला लागतात.

सावधान: ही स्विचिंग पॉवर सप्लाय आहे. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरतो. दहा मिनिटं थांबा आणि हात घालण्याआधी मीटरने मोजा.

## टप्पा २: पॉवर सप्लाय एकटी

सगळी कार्डं आणि ड्राइव्हची केबल काढा. पण सप्लाय पूर्ण रिकामीही चालवू नका, बिनलोडाची स्विचिंग सप्लाय भलतेच आकडे दाखवते. ५ व्होल्टवर १ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा (५ अँपिअर वाहतात, पंचवीस वॅटची उष्णता होते, टेबलाच्या लाकडावर ठेवू नका) आणि १२ व्होल्टवर गाडीचा २१ वॅटचा दिवा.

डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवत नेण्याची सवय जुन्या रेडिओवाल्यांना असते. ती इथे मोडा. स्विचिंग सप्लाय कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते, आणि ज्या ट्रान्झिस्टरला वाचवायला गेलात तोच जातो. पहिल्या क्षणी शॉर्ट आहे का एवढंच बघायचं असेल तर सिरीज दिवा पुरतो. तो लख्ख पेटून राहिला तर प्लग काढा. पुढची मोजमापं दिवा काढूनच घ्या.

तपासा: ५ व्होल्टची ओळ ४.७५ ते ५.२५ च्या आत आणि १२ व्होल्टची ११.६ ते १२.४ च्या आत असावी. मोजायचं ते बॅकप्लेनवर, सप्लायच्या टोकाशी नाही. शक्य असेल तर ऑसिलोस्कोपने रिपलही बघा. मीटर पाच व्होल्ट दाखवत असतो आणि स्कोपवर त्याच पाचांवर करवतीचे दाते दिसतात. अशा सप्लायवर मशीन कधी बूट होतं, कधी नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

बारा व्होल्टकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ‘लॉजिक तर पाचावर चालतं’. सीरियल कार्डाला बारा लागतात. ते नसतील तर सीपीयू धडधाकट असून तुम्हाला तो मेलेला वाटेल.

## टप्पा ३: तीन कार्डं आणि एक @

आता फक्त तीन कार्डं लावा: पहिल्या खाचेत सीपीयू, लगेच पुढच्या खाचेत डीएलव्ही११-जे आणि शेवटच्या खाचेत बीडीव्ही११. मधल्या खाचा सध्या रिकाम्या चालतील. बीडीव्ही११ ग्रँटच्या ओळीवर अवलंबून नाही. मेमरी नाही, डिस्क नाही. याचं कारण असं की ओडीटी, म्हणजे कन्सोलवरून रजिस्टर आणि पत्ते उघडून बघण्याची सोय, सीपीयूच्या मायक्रोकोडमध्ये आहे. तिला मेमरीचा एकही शब्द लागत नाही.

एच९२७३मध्ये बस फक्त ए आणि बी या रांगांत धावते. सी-डी रांगा शेजारच्या कार्डांना आपसात जोडण्यासाठी आहेत. अर्धं कार्ड उजवीकडच्या सी-डीत खोचलं तर ते बसतं छान, पण बसशी त्याचा काही संबंध उरत नाही. एच९२७० सारख्या जुन्या बॅकप्लेनमध्ये मात्र बस नागमोडी फिरते. दुसऱ्याच्या फोटोवरून कार्डं लावण्याआधी आपला बॅकप्लेन कोणता आहे ते पाठीवर वाचा.

टर्मिनल ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं ठेवून सुरुवात करा. डीएलव्ही११-जेच्या दहा पिनांच्या कनेक्टरबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. सहावी पिन मुद्दाम गाळलेली असते, ती दिशा ओळखायची खूण. सातवी पिन आरएस-२३२साठी ग्राउंडला जोडावी लागते, नाहीतर मशीन लिहितं पण तुम्ही टाइप केलेलं ऐकत नाही. आणि दहाव्या पिनेवर १२ व्होल्ट असतात. पाच व्होल्टचा टीटीएल यूएसबी अडॅप्टर इथे थेट लावलात तर तो गेला म्हणून समजा. आरएस-२३२ पातळीचाच हवा.

समोरच्या पट्टीवरचा हॉल्ट स्विच हॉल्टकडे, ऑक्स स्विच बंद, आणि मग वीज. अपेक्षा एवढीच, की सहा अंकी आकडा यावा आणि त्याच्या खालच्या ओळीवर @.

@ आला नाही तर या क्रमाने बघा:

पॉवर ओकेचा दिवा लागला का? नसेल तर टप्पा २ला परत. सप्लाय ‘वीज स्थिर आहे’ असा संकेत बसवर देत नाही तोवर सीपीयू हलत नाही, भले मीटर पाच दाखवो.

दिवा आहे, अक्षरं नाहीत? सीरियल कार्डाच्या तिसऱ्या पिनेवर स्कोप लावा आणि वीज बंद-चालू करा. तिथे हालचाल दिसली तर सीपीयू बोलतोय, दोष केबलचा किंवा टर्मिनलचा. कचरा अक्षरं येत असतील तर बॉडचा जंपर.

हालचालच नाही? डीएलव्ही११-जेवर चार ओळी असतात आणि त्यातली फक्त एक कन्सोल म्हणून ७७७५६० या पत्त्यावर बसवता येते. जंपर बघा आणि केबल त्याच कनेक्टरला आहे ना तेही बघा. हे सगळं बरोबर असेल तरच सीपीयूवर संशय घ्या.

## टप्पा ४: ओडीटीची भाषा, आणि पत्त्यांचा घोटाळा

@ पुढे पत्ता आणि / टाइप केलं की त्या पत्त्यातला आकडा दिसतो. नवा आकडा टाइप करून रिटर्न दाबलं की तो लिहिला जातो. लाइन फीड दाबलं की पुढचा पत्ता उघडतो. रजिस्टरसाठी आर आणि क्रमांक, मग /. पत्ता आणि लगेच जी म्हणजे तिथून धाव. पी म्हणजे थांबला होतास तिथून पुढे चल. उत्तरादाखल ? आलं तर एकतर टाइप चुकलं किंवा त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

सर्वात जास्त लोक अडकतात ते इथे. पुस्तकांत आणि कार्डांच्या माहितीपत्रकांत इनपुट-आउटपुटचे पत्ते सोळा बिटांत छापलेले असतात, उदाहरणार्थ १७४४००. त्याच मालिकेतल्या ११/०३वर ओडीटीत तेच टाइप करायचं. पण ११/२३चं ओडीटी अठरा बिटांचं आहे, तिथे १७४४०० म्हणजे साधी मेमरी. कंट्रोलर हवा असेल तर ७७४४०० टाइप करायला हवं. ११/७३वर बावीस बिटांमुळे तेच १७७७४४०० होतं. ‘कंट्रोलर उत्तर देत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, कुठला पत्ता टाइप केलात?

धावण्याच्या कमांडला मात्र हा नियम नाही. जीच्या आधीचा आकडा थेट प्रोग्राम काउंटरमध्ये जातो आणि तो सोळा बिटांचाच असतो. म्हणून बघताना ७७३०००/ पण धावताना १७३००० जी. विचित्र आहे खरं, पण आहे ते असं आहे.

## टप्पा ५: मेमरी

वीज बंद करून मेमरी कार्ड सीपीयूच्या पुढच्या खाचेत घाला आणि सीरियल कार्ड एक खाच खाली सरकवा. वीज चालू असताना कार्ड कधीही काढू-घालू नये, आणि उलटं तर मुळीच नाही.

०/ उघडून ० लिहा, मग परत उघडून वाचा. तसंच १७७७७७, १२५२५२ आणि ०५२५२५ लिहून वाचा. एखादा बिट कायम अडकला असेल तर या चार आकड्यांत दिसतोच. मग १००००, १०००००, १५७७७६ अशा दूरच्या पत्त्यांवर वेगवेगळे आकडे लिहा आणि सगळे लिहून झाल्यावरच वाचा. लगेच वाचलं तर पत्त्याची तुटलेली ओळ सापडत नाही, कारण दोन पत्ते एकाच जागी पडत असले तरी नुकतं लिहिलेलं बरोबरच दिसतं.

शून्यावरच ? आलं तर कार्ड मेलं असं लगेच म्हणू नका. त्याचा सुरुवातीचा पत्ता जंपरने ठरतो आणि आधीच्या मशीनमध्ये ते दुसरं कार्ड असेल तर ते शून्यापासून सुरूच होत नाही.

आता एक शब्दाचा प्रोग्राम, जो मला फार आवडतो. २००००वर ०१४७४७ लिहा, हॉल्ट स्विच उघडा, म्हणजे हॉल्टवरून काढा, आणि २०००० जी द्या. ही एकच सूचना स्वतःची प्रत एक पायरी खाली टाकते आणि मग त्या प्रतीवर जाऊन तेच करते, शून्यापर्यंत. क्षणभराने हॉल्ट दाबा, मशीन कुठे थांबलं याकडे दुर्लक्ष करा आणि मधले पत्ते उघडून बघा: सगळीकडे ०१४७४७. सीपीयू सूचना आणतो, चालवतो आणि मेमरीत लिहितो एवढं सिद्ध झालं. ऑक्स स्विच बंदच हवा. तो बीए११-एनमध्ये सहसा लाइन क्लॉकला जोडलेला असतो, आणि क्लॉक चालू राहिलं तर विजेच्या प्रत्येक आवर्तनाला व्हेक्टर १००वर (मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर) इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा संकेत, येऊन असे उघडे प्रोग्राम कोसळतात.

## टप्पा ६: बूट रॉम

७७३०००/ टाइप करा. ? आलं तर बीडीव्ही११ नीट बसलेलं नाही किंवा त्याचा रॉम स्विचने बंद केलेला आहे. आकडा आला तर हॉल्ट स्विच उघडून १७३००० जी द्या.

लगेच १७३००० आणि @ परत आलं? हॉल्ट स्विच अजून हॉल्टवरच आहे. हसू नका, हे सगळ्यांचं होतं. स्विच दोन ठिकाणी आहेत हेही विसरू नका: एक समोरच्या पट्टीवर, एक बीडीव्ही११च्या काठावर.

१७३०००च्या पुढचा एखादा पत्ता छापून मशीन थांबलं तर रॉममधली सीपीयूची किंवा मेमरीची चाचणी नापास झाली आहे. बीडीव्ही११च्या काठावरचे छोटे दिवे कोणते पेटलेत ते आणि तो पत्ता, दोन्ही लिहून घ्या.

सगळं ठीक असेल तर ‘स्टार्ट?’ असा प्रश्न येतो. तो न येता मशीन गप्प बसलं तर डिप स्विच ‘न विचारता अमुक डिव्हाइसवरून बूट कर’ अशा स्थितीत असतील. आधीच्या मालकाकडे फ्लॉपी असेल तर मशीन बिचारं नसलेल्या फ्लॉपीची वाट बघतंय.

सावधान: मशीन मधेच थांबून @ येत असेल तर टर्मिनलकडे बघा. सीरियल कार्डावर ‘ब्रेक आला की हॉल्ट’ असा जंपर असतो. टर्मिनल बंद केला, केबल हलली, लॅपटॉप झोपला, की ओळीवर ब्रेक जातो आणि सीपीयू आज्ञाधारकपणे थांबतो.

## टप्पा ७: कंट्रोलर आणि ग्रँटची ओळ

माझ्या मते निम्मी ‘खराब डिस्क’ प्रकरणं इथे संपतात.

क्यू-बसवर दोन संकेत एका कार्डातून दुसऱ्यात, हातातून हातात दिल्यासारखे जातात: इंटरप्टची ग्रँट आणि डीएमएची (कार्डाने सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्याची) ग्रँट. मधे एक खाच रिकामी राहिली की तिच्या पलीकडच्या सगळ्यांना ती मिळत नाही. पण पत्ते आणि डेटाच्या ओळी सगळ्या खाचांना समांतर असतात. म्हणून फसगत अशी होते: ओडीटीतून कंट्रोलरची रजिस्टरं छान उघडतात, लिहिता येतात, आणि तुम्ही ठरवता की कार्ड ठीक आहे, बस ठीक आहे, उरला तो ड्राइव्ह. मी स्वतः तीन संध्याकाळी आरएल०२च्या सर्वो बोर्डावर (हेड हलवणाऱ्या सर्किटवर) स्कोप लावून घालवल्या आहेत. दोष एवढाच होता, की एक नको असलेलं कार्ड काढलं होतं आणि खाली खाच सोडली होती.

म्हणून: सीपीयू, मेमरी, कंट्रोलर, सीरियल कार्ड, एकही खाच न सोडता. खाच सोडायचीच असेल तर एम९०४७ हे ग्रँट पुढे नेणारं कार्ड घाला. मेमरी कार्डाला स्वतःला ग्रँट लागत नाही, तरी त्याने ती पुढे द्यायलाच हवी. कार्ड हातात घेऊन मीटरने बघा: एएम२ आणि एएन२ आपसात जोडलेले (इंटरप्ट), एआर२ आणि एएस२ आपसात जोडलेले (डीएमए). गंजलेल्या पट्टीमुळे हेच तुटलेलं असतं.

आरएलव्ही११ असेल तर तो एम८०१३ आणि एम८०१४ अशा दोन कार्डांचा असतो आणि ती दोघं सी-डी रांगांतून एकमेकांशी बोलतात. ती शेजारी-शेजारीच हवीत, आणि ज्या बॅकप्लेनमध्ये सी-डीतही बसच धावते तिथे हा कंट्रोलर चालत नाही. आरएलव्ही१२ (एम८०६१) एकाच कार्डात असल्यामुळे ही कटकट नाही.

तपासा: ड्राइव्हला वीज न देता ७७४४००/ उघडा. ०००२०० च्या जवळपासचा आकडा यावा, म्हणजे कंट्रोलर तयार, ड्राइव्ह तयार नाही. ? आलं तर पत्त्याचे जंपर बघा.

## टप्पा ८: आता ड्राइव्ह

आरएल०२मध्ये हेड फिरत्या थाळीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतात. आतला फोम चाळीस वर्षांत चिकट भुकटी झालेला असतो आणि ती भुकटी हेडखाली गेली की पॅक (ड्राइव्हमधून काढता येणारी डिस्क) आणि हेड दोन्ही संपतात. म्हणून लोड दाबण्याआधी: भुकटी झालेला फोम पूर्ण काढा, फिल्टर बघा, वाहतुकीसाठी हेड अडकवून ठेवले असतील तर ते मोकळे करा, हेड अल्कोहोलने पुसा. पहिल्या प्रयोगाला महत्त्वाचा पॅक कधीच नाही.

तयारचा दिवा म्हणजेच युनिट क्रमांकाची टोपी. ती काढता येते आणि हरवतेही. शून्य क्रमांकाची टोपी नीट बसलेली हवी. शेवटच्या ड्राइव्हच्या मागे टर्मिनेटर हवा. तो नसेल तर फॉल्टचा दिवा लागतो आणि लोक सर्वो उघडून बसतात. कंट्रोलरची सपाट केबल उलटी बसू शकते, तेव्हा लाल कड तुमच्या फोटोशी ताडून बघा. उंदराने कुरतडली आहे का तेही.

राइट प्रोटेक्टचं बटण दाबा. आज दिवसभर ते दाबलेलंच राहणार आहे. मग लोड. मिनिटभरात तयारचा दिवा यायला हवा. खरखर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच लोड सोडा. फिरणं थांबेपर्यंत झाकण उघडत नाही, ते बरंच आहे.

ड्राइव्हला स्वतःलाच विचारा. ७७४४०४मध्ये १३ लिहा, ७७४४००मध्ये ४ लिहा, मग ७७४४०६ वाचा. निरोगी आरएल०२चं उत्तर ०००२३५, राइट प्रोटेक्ट असताना ०२०२३५. शेवटचा अंक ड्राइव्हची अवस्था सांगतो: ० म्हणजे पॅक घालायची वाट बघतोय, १ वेग घेतोय, ३ हेड आत नेतोय, ५ ट्रॅकवर स्थिर. १३च्या जागी ३ लिहिलं तर ‘नवा पॅक आला’ हा बिट पुसला जात नाही आणि वाढीव १००० दिसतात. तो दोष नाही. उत्तरात ०००२०० हा भागच नसेल तर तुमच्यापुढे आरएल०१ आहे आणि त्यावर आरएल०२चा पॅक चालणार नाही.

## टप्पा ९: हाताने बूट

रॉमवर विश्वास टाकण्याआधी त्याचं काम एकदा हाताने करा. डिस्कचा पहिला ब्लॉक शून्य पत्त्यावर आणायचा:

७७४४०२मध्ये ०, म्हणजे मेमरीत कुठे.
७७४४०४मध्ये ०, म्हणजे डिस्कवर कुठून.
७७४४०६मध्ये १७७४००, म्हणजे उणे २५६ शब्द.
७७४४००मध्ये १४, म्हणजे वाच.

क्रम पाळा. शेवटचा आकडा लिहिताक्षणी कंट्रोलर कामाला लागतो, त्यामुळे तो आधी लिहिला तर बाकीचं व्यर्थ. आता ७७४४०० परत उघडा. ०००२१५ आलं तर वाचन झालं. नाही आलं तर आकडाच कारण सांगतो. ११०२१५ म्हणजे डेटा वेळेत मेमरीत पोहोचला नाही: टप्पा ७ला परत, डीएमएची ग्रँट. १२०२१५ म्हणजे मेमरीतला पत्ताच सापडला नाही. १०४२१५ म्हणजे डेटा वाचला पण बेरीज जुळली नाही, पॅक किंवा हेड मळलेलं आहे. ११२२१५ म्हणजे हवा तो सेक्टर दिसलाच नाही. हेड शून्य ट्रॅकवर नसेल, तेव्हा लोड सोडून पुन्हा दाबा आणि १३ची पायरी परत करा. १४०ने सुरू झालं तर तक्रार ड्राइव्हची आहे, त्याची अवस्था पुन्हा वाचा.

०/ उघडा. डेकच्या बूट होणाऱ्या पॅकवर पहिला शब्द सहसा ०००२४० असतो. तो आला की आर०मध्ये ०, आर१मध्ये १७४४०० (इथे सोळा बिटांचाच) लिहा, हॉल्ट उघडा आणि ० जी. ही दोन रजिस्टरं भरायला विसरलात तर बूट ब्लॉकला आपण कुठल्या ड्राइव्हवरून आलो ते कळत नाही आणि तो रानात जातो.

हे जमलं तर ‘स्टार्ट?’ला डीएल० हे उत्तर देऊन रॉमकडूनही जमेल.

## टप्पा १०: थांबलं, पण कुठे?

मशीन थांबताना छापतं तो पत्ता थांबण्याच्या सूचनेच्या पुढचा असतो. म्हणून ०००००२ म्हणजे शून्यावरच हॉल्ट: बहुधा वाचन झालंच नाही आणि मेमरी कोरी आहे, किंवा ट्रॅप (चूक झाल्यावर सीपीयू व्हेक्टरकडे मारतो ती उडी) लागून कोऱ्या व्हेक्टरवर गेलं. ००००१० म्हणजे व्हेक्टर ४वरून पकडलेला ट्रॅप, नसलेल्या पत्त्याला हात लावला गेला. ००००१४ म्हणजे व्हेक्टर १०, सीपीयूला न समजलेली सूचना; पॅकवरची सिस्टिम फ्लोटिंग पॉइंट मागत असेल आणि तुमच्या एम८१८६वर ती चिप नसेल, तर हे दिसतं.

‘नो बूट ऑन व्हॉल्यूम’ हा आरटी-११चा (डेकच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) निरोप आला तर आनंद माना. साखळी पूर्ण चालते आहे, फक्त त्या पॅकवर सिस्टिम नाही.

आणि एक फसवा प्रकार: आरटी-११चं नाव-आवृत्ती छापली जाते आणि मग सगळं गप्प. बूट ब्लॉक पोलिंगने, म्हणजे स्वतः पुन्हा पुन्हा विचारत, चालतो, त्याला इंटरप्ट लागत नाहीत, सिस्टिमला लागतात. म्हणजे एएम२-एएन२ची ओळ कुठेतरी तुटली आहे, बहुधा सीरियल कार्डाच्या आधी. डिस्कला हात लावू नका.

आरटी-११चा डॉट (कमांडची वाट बघण्याची खूण) आला की पहिलं काम डिरेक्टरी बघणं नाही. एका आरएल०२ पॅकवर १,०४,८५,७६० बाइट मावतात. ९६०० बॉडच्या सीरियल ओळीवरून ते सगळे लॅपटॉपवर उतरवायला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. राइट प्रोटेक्ट दाबलेलंच ठेवा, पेटीच्या मागे टेबल फॅन लावा, लॅपटॉपचं झोपणं बंद करा आणि प्रत उतरायला लावा.